चतामरी उलटायची नसते, दिदी!

ऑफिसातले किस्से कुठे साठतात म्हणाल, तर आमच्याकडे ते किचनमधल्या मायक्रोवेव्हशेजारी साठतात. आमचं ऑफिस इकडे विलायतेत, हाउन्सलोला, एअरपोर्टच्या मागे. चौदा जण बसून कार्गोची कागदपत्रं करतो. कागदपत्रांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पण दर शुक्रवारी सगळे काहीतरी करून आणतात आणि वाटून खातात, आणि त्यावर मी तासभर बोलू शकते. शिरीष, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "तासभर? तीन वर्षं एकाच बाईबद्दल बोलतेयस तू!"

ती बाई म्हणजे सृजना. बाई कसली, माझ्याहून चांगली बारा वर्षांनी लहान आहे. तेच तर!

*

आधी माझी बाजू ऐका. मी कुडाळची. तांदळाचं पातळ पीठ, आईने दिलेला बिडाचा तवा, आणि घावनाला जाळी अशी की पलीकडचा माणूस दिसावा. आठ वर्षं शुक्रवारी सगळ्यात आधी रिकामा व्हायचा तो डबा माझा. आमचा मॅनेजर कॉलिन अकरा वाजल्यापासून माझ्या डेस्कभोवती घिरट्या घालायचा. "माधुरी, रॉटरडॅमची फाइल झाली का?" फाइल मंगळवारीच झालेली असायची!

मग सृजना आली. नेपाळची, काठमांडूजवळच्या पाटणची, तिथल्या नेवार समाजातली. पहिल्याच शुक्रवारी ही बया डबा नाही, चक्क इंडक्शनची शेगडी घेऊन आली! तव्यावर तांदळाचं पीठ पसरलं, वर खिमा, कांदा, कोथिंबीर, मधोमध अंडं फोडलं आणि झाकण ठेवलं. "ही आमची चतामरी," म्हणाली. वास पार रिसेप्शनपर्यंत गेला. बारा वाजता कॉलिन उठला, माझ्या डेस्कपाशी आला आणि सरळ पुढे गेला. न थांबता!

त्या दिवशी माझी चार घावनं उरली. आठ वर्षांत पहिल्यांदा. शिरीषने ती मिटक्या मारत खाल्ली आणि वर म्हणाला, "चला, आमचंही नशीब उघडलं!" मला रडायला यायचं तेवढं बाकी होतं.

*

पुढच्या शुक्रवारी मी सगळ्यांसमोर ऐकवलंच. "हे काय, आमचं घावनच की! वर खिमा घातला म्हणून काय झालं?"

मला वाटलं, भांडेल. भांडली असती तर किती बरं झालं असतं! आमचं दोघींचं हिंदीत चालतं. ती हसून म्हणाली, "हो दिदी. पण तुमचं किती नाजूक असतं. आमचं आपलं साधंच." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? गोड बोलून केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, असं मी त्या दिवशी शिरीषला दोनदा सांगितलं.

कॉलिन तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "अमेझिंग! छोटासा पिझ्झाच आहे हा!" पिझ्झा! आणि माझ्या घावनाला तो आठ वर्षं म्हणत आला होता "माधुरीचं ते भोकाभोकांचं."

*

हे आजवर घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. एका रविवारी मी घरी चतामरी करून बघितली. पीठ, खिमा, अंडं, झाकण, सगळं अगदी तिच्यासारखं. झाकण काढलं, आणि माझ्या हाताने काय करावं? कालथा खाली घातला आणि उलटली! तीस वर्षांची सवय हो, हात काय विचारून करतो? अंडं शेगडीवर, खिमा भिंतीवर, धूर, आणि स्मोक अलार्म ठणाणा बोंबलायला लागला. शिरीष टी-टॉवेल फडकावत अलार्मखाली नाचतोय, मी चटका बसलेलं बोट नळाखाली धरून उभी.

आमची इरा धावत खाली आली. इथेच जन्मलेली, तिचं मराठी तिचं तिचं आहे. "आई, तू घावनवर चीटिंग करते?" मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "ओ माय गॉड, तू जेलस आहे!"

"अजिबात नाही," म्हटलं. "खिडकी उघड आधी."

सोमवारी मी सृजनाला सहज विचारल्यासारखं विचारलं. "अगं, माझ्या भाचीला हवंय. ती चतामरी दोन्हीकडून भाजायची ना?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या बोटावरच्या चिकटपट्टीकडे बघितलं. "उलटायची नसते, दिदी. नुसतं झाकण ठेवायचं," ती म्हणाली. "भाचीला सांगा, जपून कर म्हणावं."

*

मग ती महिनाभर नेपाळला गेली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पहिल्या शुक्रवारी पहाटे उठून वीस घावनं केली, सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी. कॉलिनने डब्याचं झाकण उघडलं, बघितलं आणि म्हणाला, "ओह. सृजना कधी येणार?"

अंगाचा तिळपापड झाला नुसता! तिसऱ्या शुक्रवारी मी रागाच्या भरात चतामऱ्याच करून नेल्या. तोवर तीन रविवार सराव केला होता. उजवा हात कालथ्याकडे जायला लागला की डाव्या हाताने धरायचा. पाच मिनिटांत डबा साफ! मी कौतुक ऐकायला हात पुसत उभी. कॉलिन बोटं चाटत म्हणाला, "ब्रिलियंट! सृजनाची रेसिपी म्हणजे प्रश्नच नाही!"

तवा माझा, पीठ माझं, भाजलेली बोटं माझी, आणि कौतुक पाटणमध्ये बसलेल्या बाईचं! स्वतःच्याच डब्यावर जळणारी दुसरी बाई कुणी बघितली असेल तर मला दाखवा.

*

गेल्या महिन्यात सृजनाला क्रॉयडनला नोकरी लागली. तिचा शेवटचा शुक्रवार आला. मी ठरवलं, आज नाही तर कधीच नाही. आज माझं आधी संपलं पाहिजे, नाहीतर ही बाई जिंकून निघून जाणार आणि मी जन्मभर कुढत बसणार. म्हणून मीही इंडक्शन घेतली, बिडाचा तवा बसने लादून नेला आणि तिच्या शेगडीला लागून माझी शेगडी लावली. "आज गरम घावन!" मी जाहीर केलं.

दोन तवे, दोन रांगा. माझी रांग मोठी होती, मी मोजली. तिने पीठ पसरलं, मी ओतलं. तिने झाकण ठेवलं. मी कालथा खाली सारला, घावन उचललं, आणि फट्! दिवे गेले, कॉम्प्युटर गेले, प्रिंटर अर्धा कागद तोंडात धरून बसला. सगळ्या मजल्याची वीज गेली. माझं घावन अर्धवट उलटलेलं, तिचं अंडं तसंच कच्चं.

कॉलिन कमरेवर हात ठेवून दारात उभा. "लेडीज, माझी सहा शिपमेंट्स कस्टम्समध्ये अडकलीयत. पॅनकेकमुळे!"

"पॅनकेक नाही!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

तेवढ्यात सृजनाचं सामान न्यायला तिचा नवरा बिकास आला. तीन वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. "या माधुरी दिदी," सृजनाने घाईघाईने त्याला माझी ओळख करून दिली आणि शेगडी त्याच्या हातात कोंबायला लागली. "चल, उशीर होतोय."

पण तो हलेना. त्याने माझ्या तव्यावरचं ते अर्धवट घावन बघितलं, त्याची जाळी बघितली, मग माझ्याकडे बघून मोठ्ठा नमस्कार केला.

"म्हणजे घावनवाल्या दिदी तुम्हीच! अहो, तीन वर्षं झाली, दर रविवारी ही तुमच्यासारखी जाळी पाडायला जाते, उलटताना सगळं तव्याला चिकटून जळतं, आणि मी टॉवेल घेऊन स्मोक अलार्मखाली नाचतो!"