पाण्यापलीकडचा ठिपका

राजूरला एसटी चुकली, म्हणून खच्चून भरलेल्या जीपमध्ये अर्ध्या मांडीवर बसून भंडारदऱ्याकडे निघालो. पिशवीत दत्तूचा लेख होता आणि मनात एकच इच्छा, त्यात चूक सापडावी.

दत्तू माझा पुण्यातला जुना सहकारी. रेडिओ दुर्बिणीच्या नजरेला एक मर्यादा असते. आकाशातले दोन स्रोत त्याहून जवळ असले की एकच ठिपका दिसतो. अशाच एका ठिपक्यावर मी सहा वर्षं घालवली. दत्तूने माझ्याच नोंदी घेऊन तिथे दोन स्रोत आहेत असं दाखवलं, आणि छापण्याआधी तपासायला लेख माझ्याकडेच पाठवला. पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू?

त्याच्या गावच्या घराकडे चढताना भातखाचरात (भाताच्या वाफ्यात) गुडघ्यापर्यंत रुतलो. त्याच्या आईने, मावशींनी, पाय धुवायला पाणी दिलं, नागलीची (नाचणीची) भाकरी आणि हुलग्याचं पिठलं वाढलं. जेवण झकास होतं. तेही मला सोसलं नाही.

"कसं जमवलंस?" मी शेवटी दत्तूला विचारलंच.

"आईला विचार."

दिवेलागण झाली होती. मावशींनी मला ओट्यावर नेऊन खांबाच्या कडेने बघायला लावलं. धरणाच्या पाण्यापलीकडे एक दिवा होता.

"त्यो माज्या धाकल्या भावाचा. आता शेजारी थोरला लावंल, मंग बग."

थोड्या वेळाने ठिपका उजळला. दोन काही दिसले नाहीत, पण कडेला टेकलेला तो ठिपका केसभर बाजूला सरकला.

"सरकला न्हवं? म्हंजी थोरला बी बरा हाय. रोज बगते मी."

माझ्या ठिपक्याचं तेज कमीजास्त होतं, हे मला ठाऊक होतं. म्हणजे दोनातला एक उजळला की तोही असाच सरकत असणार. पण गोंगाट, म्हणजे नको ते संकेत, कमी करायला मी सगळ्या नोंदींची सरासरी काढली. आमच्यात सगळेच काढतात. त्यात ते सरकणं मीच पुसून टाकलं. दत्तूने नोंद न् नोंद वेगळी ठेवली होती.

सकाळी निघताना तो म्हणाला, "नोंदी तुझ्या आहेत. नाव दोघांचं घालू."

हे तर फारच झोंबलं.

"तोंड का पाडलंस रं? पिटलं खारट हुतं का?" मावशींनी विचारलं.

"नाही मावशी, छान होतं."

'चूक सापडली नाही' एवढे तीन शब्द मोबाईलवर लिहायला मला अकोले ते संगमनेर एवढा रस्ता लागला. पाठवले एकदाचे. दत्तूचं लगेच उत्तर आलं, "आई विचारतेय, नीट पोचलास का?"

पोचतोय, असं कळवलं. मग पिशवीतून लेख काढला आणि पुन्हा पहिल्या पानापासून चूक शोधायला लागलो.