उलटा सांगितलेला दिवस

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. आमच्या भाडेकरू मुलीला हिंजवडीत नोकरी लागत होती, पण तिची आधीची कंपनी बंद पडलेली. ती खरंच त्या जुन्या कंपनीत कामाला जायची का, हे विचारायला नव्या कंपनीकडून हे पडताळणीवाले गृहस्थ आले.

"काकू, तिचा दिवस संध्याकाळपासून मागे मागे सांगा."

माझ्या तोंडाकडे न बघता, मान खाली घालून ऐकत होते. मी चुकत होते, पुन्हा सुधारत होते. वाटलं, पोरीची नोकरी घालवली मी.

ते म्हणाले, "आठवून सांगणारा स्वतःला सुधारतो. रचून सांगणारा नाही. मुलीचं काम होईल."

जीव भांड्यात पडला. चहा देत म्हटलं, "तुमच्या घरी खोटं बोलायची कुणाची बिशाद?"

"खोटं नाही बोलत हो कुणी," ते म्हणाले. "माझ्याशी बोलतच नाहीत."