बाळ बघायचं ते डोळ्यांनी

फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. "आई, काकू गेली," केतकी म्हणाली. मी आधी हात धुतले, साबण लावून, मनगटापर्यंत, आणि मग रडले... शालिनीताईंना हेच आवडलं असतं.

ताई माझ्या मोठ्या जाऊबाई. मला आई नव्हती, म्हणून माझं बाळंतपण नारायण पेठेतल्या घरी त्यांनीच केलं. बाळंतिणीला ताकद हवी म्हणून त्या कोमट दुधात कच्चं अंडं फेटून द्यायच्या आणि हात पदराला पुसून त्याच बोटानं केतकीला गुटी चाटवायच्या. सगळं मायेनंच. आठवड्याभरात पोर तापली, जुलाब सुरू झाले, दूध ओढेना. "अंगावर काढायचं नाही, रिक्षा बोलवा," म्हणत ताईच तिला घेऊन निघाल्या. दवाखान्यात कळलं, साल्मोनेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोठ्यांचं बहुतेक पोट बिघडण्यावर भागतं, एवढ्याशा जिवाच्या रक्तात उतरू शकतो हा जंतू. कुठून आला, नक्की सांगता येणार नाही. पण कच्चं अंडं बंद, गुटी बंद आणि हात साबणानं धुवायचे."

केतकी ठणठणीत बरी झाली. "माझ्याच हातानं गं..." ताई एकदाच म्हणाल्या. "त्याच हातांनी वेळेत नेलंत," मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. त्यानंतर त्यांनी एकही तान्हं बाळ उचललं नाही. दारात पहारा मात्र कडक. बारशाला आलेल्या बायकांना आधी बेसिन दाखवायच्या, कुणी कुरकुरलं तर म्हणायच्या, "बाळ बघायला आलात ना? मग डोळ्यांनी बघा." नळाखाली चिकन धुऊन ओटाभर शिंतोडे उडवणाऱ्या शेजारणीला म्हणाल्या, "अहो, मेलेल्या कोंबडीला अंघोळ कशाला? शिंतोड्यांबरोबर जंतू उडतात सगळीकडे."

यंदा केतकीला मुलगी झाली. ताई काठी टेकत बघायला आल्या, हात धुतले आणि लांबच्या खुर्चीत बसल्या.

"काकू, धुतलेस ना हात?" केतकीनं विचारलं.

"धुतले की."

"मग घे." आणि तिनं लेक त्यांच्या मांडीवर ठेवली. बाळानं त्यांचं बोट मुठीत धरलं. ताईंनी ते सोडवलं नाही. त्यांचा चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता. ते बघायला मिळालं, याचं मला फार समाधान आहे.

ताई गेल्यावर नारायण पेठेतल्या घरी माणसं भेटायला येत होती. चपला काढल्या की प्रत्येकजण न सांगता आधी बेसिनकडे वळायचा. तेराव्यापर्यंत ताईंनी बेसिनवर ठेवलेली साबणाची वडी संपली. मी नवीन काढून ठेवली.