शिबिरात पहिला नंबर माझाच

मी आमच्या गावची आशा कार्यकर्ती. गाव सोनारीपासून जवळच. बायांच्या स्तनांच्या तपासणीचं शिबिर लागलं, तेव्हा आठ दिवस मी दारोदार एकच वाक्य सांगत फिरले, "घाबरायचं काही नाही. लवकर कळलं की बरं होतं."

शिबिराच्या दिवशी बाया आल्या, पण सगळ्या उपकेंद्राच्या पायरीवर बसल्या. आत जायला कुणी उठेना. शेवटी एकजण म्हणाली, "ताई, तुमीच जावा की आधी." मग मी गेले.

डॉक्टरीणबाईंनी उजवीकडं तपासलं, डावीकडं तपासलं, मग परत डावीकडं. एकाच जागी बोटं थांबली. "जरा गाठ लागतेय. बार्शीला जाऊन मॅमोग्राफी करून घ्या," म्हणाल्या आणि चिठ्ठी लिहून दिली.

बाहेर बायांनी विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाय. दोन मिनिटांचं काम," मी हसून म्हणाले. चिठ्ठी ब्लाऊजमध्ये खोचली होती. मग सगळ्या एकामागून एक आत गेल्या आणि सगळ्या ठणठणीत निघाल्या. अडकले ती मी एकटीच.

घरी नवऱ्याला सांगितलं. "गाठ? कुठं?" मी हात लावून दाखवलं, तर ते वर पंख्याकडं बघायला लागले. पंखा बंद होता. मग त्यांनी परंड्याला माझ्या नणंदेला फोन लावला आणि म्हणाले, "हिच्या छातीत जरा निघालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद लसणाची पिशवी घेऊन हजर. रिकाम्या पोटी दोन पाकळ्या चावायच्या, जिना चढायचा नाही, रागवायचं नाही. आमच्या घराला जिनाच नाही. दुपारपर्यंत मला हार्टचा झटका येऊन गेल्याचं गल्लीभर झालं. शेजारणीनं माझ्या हातातली घागर काढून घेतली.

शेवटी सासूबाई वैतागल्या. ओट्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, काळजाला काय झालं न्हाय तिच्या! थानात गाठ हाय, थानात!" पारावरच्या माणसांनी माना खाली घातल्या. हे तर तडक शेतात निघून गेले.

त्यानंतर बायांची रीघ लागली. जी ती माझा हात धरून म्हणायची, "ताई, घाबरायचं काय न्हाय. लवकर कळलं की बरं होतं." ऐकणाऱ्याला ते वाक्य किती टोचतं, ते मला तेव्हा कळलं. एकजण मात्र आली ती माझ्याजवळ बसली, गवारीच्या शेंगा मोडून दिल्या आणि गेली. ती गेल्यावर मला रडू आलं.

बार्शीला मशीनवरची मुलगी माझ्या लेकीच्या वयाची होती. तिनं मला मशीनला चिकटवून उभं केलं, वरची काच खाली आणली आणि म्हणाली, "मावशी, श्वास रोखा." काच दाबायला लागली तेव्हा माझा श्वास आपोआपच थांबला होता. मग सोनोग्राफी झाली, सुई घालून तुकडा काढला. रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. त्या आठ दिवसांत मी सगळे डबे घासले, गोधड्या धुतल्या, आणि लेकीला फोनवर लोणच्याचं प्रमाण दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "आई, आत्ता कुठल्या कैऱ्या?"

रिपोर्ट यांनीच आणला आणि दवाखान्याच्या बाकावर बसून वाचायला घेतला. "बेनिगन," ते म्हणाले. दोघांनाही अर्थ माहीत नाही. नाव तरी मोठ्या दुखण्याचंच वाटत होतं. यांनी माझा हात धरला. भर दवाखान्यात, लग्नानंतर पहिल्यांदाच.

डॉक्टर म्हणाले, "साधी गाठ आहे. कॅन्सर नाही. सहा महिन्यांनी परत दाखवा."

ते ऐकून मी एवढी रडले, की शेजारची बाई यांना म्हणाली, "धीर द्या हो त्यांना." हे तिला समजावून सांगायला लागले आणि सांगता सांगता स्वतःच रडायला लागले.

सहा महिन्यांनी परत बार्शीला गेले तेव्हा गाठ होती तेवढीच होती. त्या खेपेला सासूबाईंनाही बळंच नेलं. आत गेल्या-गेल्या त्यांनी तिथल्या तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना बजावलं, "सहा लेकरं प्यालीत, बाई. काय ऱ्हायलं असंल तर बघा." बाई हसत सुटल्या. तपासणी व्हायला त्यामुळं जरा वेळच लागला.