दोन याद्या, एकेचाळीस नावं

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. भिवंडीच्या एका कारखान्यात लूमवरून उतरलेले कापडाचे ताके मोजून लिहिणं हे माझं काम. जे मोजता येत नाही त्याच्या वाटेला मी जात नाही. तरीही घडलं तसं लिहितो...

१९७५च्या हिवाळ्यात आमच्या आळीने एसटी ठरवून वज्रेश्वरीची सहल काढली. माणसं एकेचाळीस, हजेरी माझ्याकडे. नुसतं नाव पुकारलं की लोक एकमेकांसाठी "हाय" म्हणून मोकळे होतात. म्हणून माझी पद्धत वेगळी — निघताना प्रत्येकाने स्वतः पूर्ण नाव सांगायचं, मी ते लिहायचं, पुढे सीटचा नंबर. परतताना कोऱ्या कागदावर पुन्हा तसंच, आणि मग दोन्ही याद्या ताडायच्या.

माझी थोरली बहीण पार्वती. आम्ही तिला बाय म्हणायचो. मेव्हणे वारल्यापासून ती माझ्याकडेच होती. गुडघ्यांना गरम कुंडाचा शेक मिळेल म्हणून आली होती. नाव विचारताच भर गाडीत म्हणाली, "सख्ख्या बहिनीचं नाव इचारतंय बगा ह्यो! आन दादल्याचं नाव मी घेनार न्हाय, तूच ल्ही."

सगळे हसले. पण गाडीत पार्वती दोन होत्या, पूर्ण नाव हवंच. मीच लिहिलं.

परतीला सहा वाजले. गाडीतला दिवा मंद, मी मान खाली घालून लिहीत गेलो. "पार्वती रामा भोईर." बायचाच आवाज. लिहिलं. मग शेजारच्या सदूभाऊंनी जुनी यादी वाचली, मी नवीवर खुणा केल्या.

"नावं जुळली. सीटा बघायच्या?"

"नको. येताना कोण कुठेही बसतं. सोडा गाडी."

अंबाडीला चहासाठी उतरलो, तेव्हा बायकोने विचारलं, "वन्सं कुठायत? मला वाटलं, पुढे तुमच्याजवळ बसल्यात..."

गाडी तशीच मागे फिरवली. बायकांच्या कुंडाच्या मागच्या पायरीवर, भिंतीला टेकून, पाय पाण्यात सोडून बाय बसली होती. गेलेली.

नव्या यादीत चाळीस नावांपुढे सीटचा नंबर आहे. तिच्या नावापुढची जागा कोरी. अक्षर माझंच. आणि नवऱ्याचं नाव तिने जन्मात तोंडाने घेतलं नव्हतं — ते ऐकून माझा हात कसा थांबला नाही?

"किती वाजता गेली?" बोलावून आणलेल्या डॉक्टरांना मी विचारलं.

"पाण्याने अंग अजून ऊबदार आहे. वेळ नक्की सांगता येणार नाही."

सहाच्या आधी गेली असेल, तर नाव कोणी सांगितलं ते मला आजही कळलेलं नाही. सहानंतर गेली असेल, तर मी तिला जिवंत सोडून निघालो.

पहिलंच खरं असू दे... एवढंच मी मागतो.