तिला आणायला मी एकटी गेले

माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा मॉरिशसला गाडीच्या अपघातात गेले, तेव्हा त्यांची मुलगी चौदा महिन्यांची होती. त्या दिवशी ती आजीकडे, म्हणजे वडिलांच्या आईकडे होती, म्हणून वाचली. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. वय त्रेचाळीस. लग्न केलेलं नाही. बदलापूरला मांजर्लीत तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके आहे, त्यात एकटी राहते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वर्षभर ज्याने त्याने मला हेच ऐकवलं, जणू मला ते माहीतच नव्हतं.

फोन आजीनेच केला. तिचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यात कामाला गेलेले. घरात मराठी अजून थोडी टिकून आहे, पण अर्ध्या वाक्यातून ती तिकडच्या क्रिओल भाषेत शिरते. माझे गुडघे गेले, म्हणाली, पोर धावते आणि मला धरता येत नाही. तू नेशील का? मी हो म्हटलं. विचार करून सांगते, एवढंसुद्धा म्हटलं नाही.

विठ्ठलवाडीला माझा मोठा भाऊ राहतो. त्याला सांगायला गेले तर त्याने आधी चहा होऊ दिला आणि मग समजावायला घेतलं. मूल त्यांचं आहे, त्यांच्यात राहू दे. तिकडे सरकार बघतं अशा मुलांचं. तू आजारी पडलीस तर कोण करणार? आणि लोक विचारतील, ही कोणाची, तेव्हा काय सांगशील? वहिनी खाली बघत कप गोळा करत होती.

मी म्हटलं, "दादा, मी विचारायला नाही आले. सांगायला आलेय."

त्यानंतर त्याने फोन करणं बंद केलं. मी करत राहिले, दर रविवारी. तो उचलत नसे.

मुलगी माझ्याकडे द्यायची की नाही हे ठरवायला, घर बघायला सरकारी समाजसेविका आल्या. त्यांनी फ्रिज उघडून पाहिला, खिडकीचे गज हलवून पाहिले, पुराचं पाणी कुठपर्यंत येतं ते विचारलं. पार्किंगपर्यंत, मी सांगितलं, आणि नदी फुगायला लागली की स्कूटर मी आधीच वर रस्त्यावर नेऊन लावते. दिवसभर मुलीला कोण सांभाळणार? कंपनीपासून दहा मिनिटांवरचं पाळणाघर मी बघून ठेवलं होतं, तिथल्या बाईंचं पत्रच पुढे केलं. मग त्यांनी पेन खाली ठेवून जरा मायेने विचारलं, पुढे लग्नाचा काही विचार?

"तुमच्या फॉर्मवर हा प्रश्न आहे का?"

त्यांनी फॉर्म पाहिला. "नाही," म्हणाल्या आणि पान उलटलं. रिपोर्ट मात्र त्यांनी चांगला दिला, ते मला मान्य करायलाच हवं.

कागद जुळायला वर्षाहून जास्त गेलं. मी तिथे पोचले तेव्हा ती अडीच वर्षांची झाली होती. आजीच्या पत्र्याच्या घरासमोर, उसाच्या शेताला लागून, एका पायात चप्पल घालून उभी होती. मी बसले, हात पुढे केला. ती म्हणाली, "पा उले." म्हणजे नको. मी आणलेली बाहुली, पा उले. वरणभात, पा उले. माझ्या मांडीवर बसणं तर अजिबातच पा उले. बहिणीसारखी कपाळाला आठी घालायची. चौथ्या दिवशी आजी तिच्यावर ओरडायला लागली, तेव्हा मी तिला थांबवलं. या पोरीला कोणी काहीच विचारलं नव्हतं, नको म्हणणं तेवढं तिच्या हातात होतं. ते मी कशाला काढून घेऊ?

आठवड्याने ती माझ्याकडे पाणी मागायला आली. "दिलो," म्हणाली. मी पाणी दिलं. प्यायली आणि निघून गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

कोर्टात न्यायाधीश बाईंनी आजीला विचारलं, नातीला इतक्या लांब पाठवायला तुमची मनापासून तयारी आहे का? आजी क्रिओलमध्ये बरंच बोलली. वकिलाने मला नंतर सांगितलं, ती म्हणाली, मी अजून पाच वर्षं जगेन, हिला वीस वर्षं कोणीतरी लागेल. दादासारखे मला समोर बसवून हिशेब ऐकवणारे लोक मी पाहिले होते, ही बाई तोच हिशेब मांडून मला पोर देत होती.

आदेश मिळाला. आता तिचे प्रवासाचे कागद, तिथल्या भारतीय वकिलातीत. खिडकीतला माणूस आपल्याकडचाच होता. हिंदीत म्हणाला, मॅडम, पतीचं नाव राहिलंय. पती नाही, मी सांगितलं. पण रकाना रिकामा ठेवता येणार नाही, तो म्हणाला.

"मग त्यात 'नाही' लिहा."

त्याने मागे वळून साहेबाकडे पाहिलं. मी तिला कडेवर घेऊन तिथेच उभी राहिले. मागे रांग वाढत होती. ती जड होती, हात भरून आला, तरी खाली ठेवलं नाही. शेवटी साहेब उठून आले, कोर्टाचा आदेश वाचला आणि त्याला म्हणाले, लिही. त्याने लिहिलं.

निघायच्या आदल्या दिवशी आजीने बॅग भरली. मी घडी केलेले कपडे काढून तिने पुन्हा आपल्या पद्धतीने घडी केले. बहिणीची एक ओढणी मध्ये घातली. मग पलंगावर बसून म्हणाली, "रडली तर रडू दे तिला. गप्प बस म्हणू नको. मी म्हटलं, ते चुकलं माझं."

मुंबईला उतरेपर्यंत ती झोपेतच होती. टॅक्सीत जागी झाली, माझ्याकडे पाहिलं, बाहेर पाहिलं आणि आजीला हाका मारत रडायला लागली. ऐरोली गेली, शिळफाटा गेला, तरी रडत होती. ड्रायव्हर दोनदा म्हणाला, मोबाइल द्या ना मॅडम, लगेच गप्प होतील. शेवटी मी त्याला सांगितलं, दादा, हिचं घर सुटलंय, रडणारच. तुम्हाला त्रास होत असेल तर काच खाली करा.

त्याने काच खाली केली. काटई नाक्याच्या पुढे तिने ओढणीचं टोक तोंडात घातलं आणि माझ्या दंडाला टेकली.

आमच्या गेटाशी बिल्डिंगमधल्या तीनचार बायका उभ्या होत्या. एकीने विचारलंच, ही कोणाची?

"माझी," मी म्हटलं, आणि जिना चढायला लागले.