चिंधी बांधलेल्या शेंगा

आमच्या हिवरखेडात गेलेल्या माणसाचा फोटो पुढच्या खोलीत लावतात, आल्यागेल्याला दिसेल असा. नागसेननंही बापाचा तसाच मोठा फोटो करून आणला होता, अमरावतीहून, एसटीत मांडीवर धरून. सोनेरी चौकट आणि भोवती उघडझाप करणाऱ्या लाईटची माळ. त्याच्या मायनं, म्हणजे माझ्या शेजारणीनं, जाईबाईनं, तो दोन दिवस पुढं राहू दिला. तिसऱ्या दिवशी उचलला आणि मागच्या दारावर टांगला, तोंड कुंपणाकडं करून.

"काहून वं माय?" नागसेननं विचारलं.

"तुया बाप बैठकीत कवा बसला होता? जनमभर कुंपनाशी उभा राहिला. पाहू दे त्याले त्याचा वाल."

"आन माळ?"

"ते काढ. लगनघर हाये का?"

जाईबाई अशी फटकळ. तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे आणि पंचेचाळीस वर्षांत त्या भिंतीतून मी तिला रडताना कधी ऐकलं नाही, भांडताना रोज ऐकलं. नवरा शेषराव दुसऱ्याच्या शेतात सालदार होता, ही निंदणाला, वेचणीला जाई. स्वतःचं वावर नाही. शेषरावभाऊ म्हणत, "ज्याले वावर नाही त्याचं कुंपनच वावर." त्या कुंपणावर त्यांनी वालाचा वेल चढवला होता. रुंद शेंगा, कडेला जांभळी रेघ. बी त्यांच्या मायच्या हातचं.

दरसाल पहिल्या बहाराच्या भरदार शेंगा निवडून ते देठाला चिंधी बांधायचे. चिंधी बांधली की ती शेंग बियाची, तिला कोणी हात लावायचा नाही. यावरून दरसाल भांडण.

"कवळ्या शेंगा डोयापुढं लटकून राहिल्या, आन मी बाजारातून आलू आनू?" जाईबाई ओरडे.

"आन आलू," भाऊ शांतपणे म्हणत आणि अजून एक चिंधी बांधत.

फागुनात शेंगा वाळल्या की बी सोलायचं, चुलीची राख चाळायची, राखेत बी कालवून गाडग्यात भरायचं आणि तोंड शेणानं लिंपायचं. मृगात गाडगं उघडलं की एका दाण्याला भोक नसे. "राखते म्हून तिले राख म्हनतात," असं ते म्हणायचे. मग मागेल त्याला चिमूटभर बी. आमच्या गल्लीतल्या पोरी ते पदराच्या गाठीत बांधून सासरी न्यायच्या. त्यांचा वाल बाळापुरात आहे, अकोल्यात एका गच्चीवर आहे, पार धारणीकडंही पोचला आहे.

गेल्या डिसेंबरात भाऊंना ताप आला. अकोल्याला नेलं, चौथ्या दिवशी गाडीतून परत आणलं. वेलीवर त्यांच्या हातच्या अकरा चिंध्या होत्या.

आम्ही बौद्ध. राख नदीत सोडायची नाही, झाडाच्या बुडाशी घालायची असं नागसेननं ठरवलं आणि मसणवटीच्या कडेला लिंबाचं रोप लावलं. सगळी राख त्याच्या बुडाशी गेली. जाईबाईनं तेवढी एक मूठ पदरात घेतली.

गल्लीतली माणिकबाई म्हणाली, "अवं, राख घरात आनत नाहीत!"

"घरचाच मानूस हाये, पाहुना थोडाच?" जाईबाई म्हणाली आणि चालू लागली.

ती मूठ तिनं कुंपणाशी टाकली असेल असं मी धरून चालले. तिच्या मनात काय होतं ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. तिला या अकरा शेंगांचं बी त्या राखेत ठेवायचं होतं. शेंगा अजून हिरव्या होत्या, म्हणून तिनं राख बारीक चाळून गाडग्यात भरली आणि न्हाणीजवळच्या कोनाड्यात ठेवली. फागुनापर्यंत थांबायचं होतं. एवढं मला माहीत असतं तर पुढचं घडलं नसतं.

पुढच्या रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, दीडशे माणूस जेवून गेलं. मागच्या न्हाणीवर भाजीचा मोठा गंज, पातेलंच ते, काळाकुट्ट होऊन पडला होता आणि नागसेनची बायको ज्योत्स्ना त्याच्यावर हिरव्या साबणाची वडी फिरवत होती.

मला राहवलं नाही. "सरक पोरी. तुमच्या या वडीनं गंजाले गुदगुल्या होतात. घासाले राख लागते, राख!"

"मावशी, राख कुठं हाये आता? आपल्याकडं गॅस हाये."

"तुया सासूनं ठेवली असन. जुनी बाई हाये ते." आणि कोनाड्यात हात घातला तर खरोखर गाडगं! अशी मऊ, पांढरी राख मी जन्मात पाहिली नव्हती. मी कौतुकही केलं, मोठ्यानं, घरात ऐकू जाईल असं. "जाईबाई, राख लय बारीक चाळली वं तू!"

गंज आरशासारखा निघाला. शेवटची चिमूट मी झाकणाला लावत होते तेव्हा जाईबाई दारात आली. तिनं पालथं गाडगं पाहिलं. मग माझे हात पाहिले. मग उंबऱ्यावर बसली.

"भागीरथा," ती म्हणाली, "थो नागसेनचा बाप होता वं."

मी कोपरापर्यंत राखेनं माखलेली. हात धुवावेत तर पाप, पुसावेत तर कशाला पुसू? हात तसेच पुढं धरून उभी राहिले. ज्योत्स्ना रडायला लागली. मी म्हटलं, "मार मले. जोड्यानं मार."

जाईबाई गंजाकडंच पाहत राहिली. मग म्हणाली, "पंचेचाळीस वर्सात या मानसानं एक गिलास इसळला नाही. आन आज गंज घासला. पाह्य कसा चमकून राहिला."

आणि पदर तोंडावर घेतला. खांदे हलत होते. हसत होती की रडत होती ते मला आजही सांगता येणार नाही. मलाही हसू आलं, आणि त्या हसण्याची अशी लाज वाटली की बस.

मग उठली, माझं मनगट धरून मला कुंपणाशी नेलं, वेलाच्या बुडाशी वाकायला लावलं आणि लोट्यानं माझ्या हातावर पाणी घातलं. सासू नव्या सुनेच्या हातावर घालते तसं, सावकाश. गाडगंही विसळून तिथंच ओतलं.

मी म्हटलं, "बाकीची तर नालीत गेली वं."

"नाली कुठं जाते? इथंच येते. त्यानंच खंदली, भांड्याचं पानी वायाले जाऊ नये म्हून." आणि पाहिलं तर खरंच, राखाडी पाणी नालीतून येऊन वेलाच्या बुडाशी मुरत होतं.

तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, पण मला तिच्यासमोर जायचा धीर होईना. दोन महिने मी चक्कीवर मागच्या गल्लीतून जात होते. भिंतीपलीकडं नागसेनचा आवाज यायचा, "माय, चाल अमरावतीले. इथं एकटी काय करते?" आणि तिचा, "शेंगा वाळू दे." कधी नागसेन नसतानाही तिचा आवाज यायचा. "वाळल्या का नाही अजून? तुमाले कायचीच घाई नाही." मागच्या दारावरच्या फोटोशी भांडण चालू होतं.

फागुनात एक दिवस ती माझ्या दारात उभी. काखेत गाडगं, हातात चाळणी.

"राख दे."

मी विचारलं, "कोनती?"

"तुया चुलीची. माह्या घरी गॅस हाये. तू माह्या घरची घासली, आता तुया घरची दे."

अंघोळीचं पाणी मी अजून चुलीत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, जाळून तापवते. आम्ही दोघींनी बसून तीनदा राख चाळली. तिनं अकरा शेंगा पदरातून काढल्या. वाळून खुळखुळ वाजत होत्या. बी काढलं, पण चिंध्या सोडल्या नाहीत. देठासकट गाडग्यात टाकल्या. "गाठ त्यानं मारली, मी कायले सोडू?"

शेवटी मी बोलून गेले, "पन जाईबाई, त्याईची राख नाही याच्यात."

"शेंगा भरून राहिल्या होत्या तवाच थो बुडाशी गेला. बियातच असन आता. तुयी राख फक्त राखाले."

तिनं तोंड लिंपलं, हात धुतले आणि गाडगं माझ्या मांडीवर ठेवलं. "तुयाकडं ठेवजो. मी मृगापर्यंत नागसेनकडं राहून येतो. पोरगा लय मागं लागला."

"माह्याकडं? मी काय केलं ते इसरली का तू?"

"इसरलो नाही म्हून तर देतो. तुयाएवढं जपून आता दुनियेत कोनी ठेवनार नाही." दारातून मागं वळून एवढंच म्हणाली, "राख."

ती गेल्यापासून गाडगं माझ्या कपड्यांच्या पेटीत, लुगड्यांच्या मधोमध आहे. दिवसातून दोनदा पेटीचं झाकण उघडून पाहते. काल अमरावतीहून तिचा फोन आला. मी कशी आहे ते विचारलं नाही, गाडगं कसं आहे ते विचारलं. मृगाला अजून तेवीस दिवस आहेत. कुंपणाशी आळं मी खणून ठेवलं आहे, आणि चिंध्यांसाठी एक जुनं लुगडंही काढलं आहे.

भांडी मात्र मी आता हिरव्या साबणाच्या वडीनं घासते. हे ज्योत्स्नाला सांगू नका.